फक्कीचं गाव

वसंता,

तुझ्या तेराव्याचं जेवण दोन ठिकाणी झालं. एक तुझ्या घरी, आपल्या रीतीप्रमाणं, झरीहून आणलेल्या भटजींच्या सांगण्यावरून. दुसरं साहेबलायनीत, अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या त्या बंगल्यांच्या रांगेत, बंजारा तांड्याच्या थावरा नाईकाकडं. त्यांनी आपल्याला विचारलं नाही. मोठ्या कढईत गुळाची लापशी रांधली आणि सगळा तांडा पंगतीला बसला. मला बोलवायला माणूस आला तेव्हा मी जरा घुटमळलो. मग गेलो. पानावर बसलो आणि माझ्या ध्यानात आलं, की ही मोठ्या साहेबांची बसायची खोली. तिचा नकाशा मीच काढला होता. खिडक्यांना रंगीत काचा दाखवल्या होत्या. आता तिथं गजाला दोन करडं बांधली होती. तू असतास तर माझ्या तोंडाकडं बघून मुद्दाम हसला असतास, आणि आपलं पुन्हा जुंपलं असतं.

पेपरात चार ओळी द्याव्यात असं कुणीतरी सुचवलं. मी नको म्हणालो. काय देणार? निलंबित ओव्हरसिअर वारले?

पोलीस अ‍ॅक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती. नव्या सरकारला काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि आपल्याला तर त्याहून जास्त. झरीच्या एकाच वर्गातली आपण दोन पोरं, हैदराबादला जाऊन ओव्हरसिअरकी शिकून आलेली. सगळं शिक्षण उर्दूत. नकाशाला नक्शा, मोजणीला पैमाइश. तू जमिनीवरचा माणूस, मी कागदावरचा. हुकूम निघाला, की बोरीच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी जो जंगली माळ आहे तिथं सूतगिरणी उभी करायची आणि गिरणीभोवती नवं गाव वसवायचं. आपला कापूस आपल्याच जिल्ह्यात कातायचा. तो कागद वाचून तू दुपारचं जेवला नव्हतास, इतका तुला आनंद झाला होता.

बोरीपासून आपण बैलगाडीनं निघालो. गाडीवाट एका जागी संपली. पुढं पळस, धावडा, सालई, हिवराचे काटे आणि कमरेइतकं वाळलेलं गवत. तू उतरून एका खडकावर चढलास आणि हात पसरून म्हणालास, "भास्कर, हितं बाजार. हितं शाळा. तिकडं गिरणी. तुला दिसायलंय का?"

"मला साप दिसायलाय," मी म्हणालो. खरंच होता. तू जी उडी मारलीस ती माझ्या अंगावर. दोघंही गवतात पडलो आणि गाडीवान पोट धरून हसत राहिला.

तोडणीला माणसं लागणार होती. ती जवळच मिळाली. माळाच्या मधोमध एका खोलगट जागेत बंजाऱ्यांचा तांडा होता. गुरं राखायची, डिंक गोळा करायचा, मोहाची फुलं वेचायची, असं त्यांचं चालायचं. त्याच माणसांच्या हातात आपण कुऱ्हाडी दिल्या आणि त्यांच्याच डिंकाची, त्यांच्याच मोहाची झाडं त्यांच्याकडून पाडून घेतली. तेव्हा हे असं कुणाच्या मनात आलं नाही. तुझ्याही नाही. हाताला रोज काम होतं, सगळे खुशीत होते. हैदराबादहून बुलडोझर आला तेव्हा तांड्यातल्या बायांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. तो थोडे दिवस चालला, मग त्याचा कसलासा भाग मोडला आणि तो भाग कधी आलाच नाही. पुन्हा कुऱ्हाड, सब्बल आणि बैल. एकेक खोड उपटायला बैल फेसाळून जायचे. दिवसभर धूर, आणि त्या धुरात तू, डोक्याला पंचा गुंडाळून, घसा बसेपर्यंत ओरडत असायचास.

झाडं गेली तसा मी नकाशा घेऊन पुढं आणि तू मोजणीची साखळी आणि चुन्याची फक्की घेऊन मागं. रस्ते, चौक, कामगारांच्या क्वार्टरांच्या रांगा, सगळं आधी पांढऱ्या रेघांनी जमिनीवर उतरलं. आसपासची माणसं बघायला यायची. रेघांच्या आत उभी राहून विचारायची, "साहेब, मी आता कुठं हाय?" तू गंभीर चेहऱ्यानं सांगायचास, "तुमी पोस्टात हाव. जरा सरका, मागं लय गर्दी हाय." त्यांनीच नाव पाडलं, फक्कीचं गाव. सरकारी नाव वेगळं होतं. ते पाटीवरच राहिलं.

मग एका सकाळी फक्कीची रेघ तांड्यात शिरली. मोठा रस्ता नकाशावर सरळ होता, आणि तो थावरा नाईकाच्या झोपडीतून जात होता. थावरा तांड्याचा प्रमुख, सगळे त्याचं ऐकायचे. त्यानं आरडाओरडा केला नाही. रेघेकडं बघत उभा राहिला आणि तुला म्हणाला, "साहेब, ही रेघ जरा वाकडी होत न्हाई का?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी नकाराची मान हलवली. नकाशा वरून मंजूर होऊन आलेला. त्यात बोटभर फरक करायची आपली बिशाद नव्हती.

तेव्हा तू खाली मातीत बसलास, त्याच्या समोर. म्हणालास, "नाईक, आत्ता तुमी वढ्याच्या पल्याड सरका. गिरणी झाली की पहिली भरती तुमच्या पोरांची. आणि पक्कं घर. हा शब्द हाय."

"तुमचा का सरकारचा?"

"माझा."

या एका शब्दावरून पुढं आपण किती भांडलो, वसंता.

तांडा उठला त्या दिवशीचं तुला आठवायचं, मला माहीत आहे, कारण त्यानंतर तू कधी त्याच्यावर बोलला नाहीस. बायांनीच झोपड्यांची गवतं उतरवली, वासे सोडले. थावराची बायको सोनीबाई मात्र सकाळपासून आपली जमीन सारवत होती. मी म्हणालो, "बाई, आता मोडायच्या घराला सारवून काय करता?" तिनं वर बघितलं नाही. "घर हाय," म्हणाली. "पारोसं कसं सोडावं?" सारवण वाळेपर्यंत ती बाहेर बसून राहिली, आणि तिच्यासाठी सगळं काम थांबलं. तू थांबवलंस. मुकादम कुरकुरला तर त्याच्यावर खेकसलास.

पुढच्या वैशाखात माझी धाकटी बहीण शकू तुला दिली. तेव्हापासून चारचौघांत तुला दाजी म्हणावं लागायचं आणि ते म्हणताना मला हसू आवरायचं नाही. शकू परभणीला मामाकडं राहून मराठी सातवी झालेली, आणि तू तिला नेलंस पत्र्याच्या शेडमध्ये. पहिल्याच आठवड्यात चुलीमागं विंचू निघाला. मी भेटायला आलो तर दारातच म्हणाली, "दादा, मला गावात दिलंस का जंगलात?"

आतून तू ओरडलास, "गावात! रस्त्याला नाव काय ठेवायचं ते तूच सांग."

"ज्या रस्त्यानं झरीला जाता येतं, त्याला ठेवा माझं नाव."

तेव्हा थट्टा होती. पण ती तिथं कधी रमली नाही. घर पक्कं झालं, नळ आला, तरी तिचं एकच. बदली मागा, चला इथून. तू दर वेळी म्हणायचास, गिरणीचा भोंगा एकदा वाजू दे.

दिवस चांगले होते हे मात्र कुणी नाकारू नये. धुराडं वर चढत होतं. बंगले झाले, शाळेचा हॉल झाला, टाकी झाली. टाकीचं पाणी नळाला सोडलं त्या दिवशी आधी नुसती हवा फुसफुसली, मग लाल गढूळ पाणी आलं, मग हळूहळू स्वच्छ. ओढ्यापलीकडून तांड्याच्या बाया घागरी घेऊन आल्या आणि लांबच उभ्या राहिल्या. तू हातानं बोलावलंस. "या की. हे नळ कुणासाठी हायेत मग?" पहिली घागर सोनीबाईची भरली. तुझा त्या वेळचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एवढा सुखी माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. तूही पुन्हा तसा दिसला नाहीस.

मग मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपण जिंतूरला जाऊन पेढे घेतले, सगळ्यांना वाटले. मराठी माणसं एकत्र यायला निघाली होती, आनंद खोटा नव्हता. पण त्या आनंदात आपलं गाव कुठं ठेवलं गेलं ते कुणालाच कळलं नाही. दफ्तर हैदराबादहून हललं, साहेब बदलले. गिरणीसाठी रेल्वेचा जो फाटा यायचा होता तो येणार नाही असं ठरलं. फाटा नाही तर यंत्रं आणायची कशी, आणि यंत्रं नाहीत तर गिरणी कसली? कुणी एकानं वाईट केलं असंही म्हणता येत नाही. काम तूर्त स्थगित केल्याचा हुकूम आला. तो तूर्त अजून चालूच आहे.

माणसं निघून गेली. कुणी नांदेडला, कुणी औरंगाबादला, माझी परभणीला बदली झाली. राखणीला म्हणून तुला ठेवलं. मी अधूनमधून यायचो तेव्हा मोठ्या रस्त्यावर गवत वाढलेलं दिसायचं. पळसाचे कोंब तर चौकाच्या मधोमध फुटले होते. आपण ज्याच्यासाठी एवढा जीव काढला ते जंगल काही न बोलता परत येत होतं. शकू शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये तांड्याच्या पोरींना पाटीवर अक्षरं गिरवायला लावायची. वेळ जात नाही म्हणून, असं ती म्हणायची.

थावरा आधी दर सणाला यायचा. "साहेब, भरती कवा?" तू म्हणायचास, होईल. मग त्यानं विचारणं सोडलं. सणाला यायचा, रामराम करायचा, बसायचा, जायचा. तू मला म्हणालास, "तो इचारायचा तवाच बरं होतं रे."

परवाच्या वर्षी भादव्यात ओढा चढला. शकूनं सांगितलेलं सांगतो, कारण मी तिथं नव्हतो. सकाळपासून डोंगरात पाऊस कोसळत होता आणि तांडा ओढ्याच्या काठाला, आपणच दाखवलेल्या सखल जागेत. तू दोर घेऊन धावलास. ओढ्यावरचा फरशीचा पूल बुडायच्या आत म्हातारी, पोरं, गाभण बाया, सगळी माणसं अलीकडं काढलीस. शेळ्या काही गेल्या. दुपारपर्यंत झोपड्याही गेल्या. क्वार्टरांवर छपरं चढलीच नव्हती. छप्पर असलेली घरं होती ती साहेबलायनीतली. तू चाव्यांचा जुडगा काढलास आणि एकेक बंगला उघडत गेलास.

पाणी उतरलं. तू चाव्या परत मागितल्या नाहीस.

महिन्यांमागून महिने गेले. वरून तपासणी आली, मग विचारणा, मग तुझं निलंबन. आमचे आप्पा अंथरुणाला खिळलेले. ते म्हणाले, जा, जावयाला समजाव. मी आलो तेव्हा सोनीबाई बंगल्याची सिमेंटची फरशी शेणानं सारवत होती. अख्खी तीन वर्षं मी त्या बंगल्यांच्या कागदांवर डोळे फोडले होते. मी तिथंच, तिच्यासमोर तुझ्यावर तोंड सोडलं.

"ही सरकारी मालमत्ता हाय, वसंता. तू कोण वाटणारा?"

"मी कुटं वाटायलोय? ज्यांची जागा होती ते परत आले."

"असं चालत नसतं. शब्द दिला तो सरकारच्या वतीनं. सरकार फिरलं, विषय संपला."

"सरकार त्याच्यापुढं मातीत बसलं नव्हतं, भास्कर. मी बसलो होतो."

"आणि उद्या त्यांना बाहेर काढलं म्हणजे? एकदा उठवलंच होतंस, आता दुसऱ्यांदा उठतील. तू त्यांना आशा लावायलास."

माझ्या बोलण्यातलं तेवढंच तुला लागलं असावं. म्हणालास, "मग काय करायचं होतं? पाऊस थांबल्यावर कुलपं लावायची होती?" सोनीबाई दाराच्या उंबऱ्यापर्यंत सारवत आली आणि म्हणाली, "साहेब, जरा बाहीर थांबा. वलं हाय." आपण दोघं मुकाट्यानं बाहेर जाऊन उभे राहिलो.

या चैत्रात तुला कावीळ झाली. आधी अंगावर काढलीस, मग झाडपाला झाला, मग जिंतूरचा डॉक्टर. मी आलो तेव्हा डोळे हळदीसारखे, हातापायाच्या काड्या. महाराष्ट्र झाल्याची बातमी मी तुला सांगितली. तू म्हणालास, "बरं झालं," आणि हसलास. "आता दफ्तर आणखी कुटं हलवतेत बघू." मग बराच वेळ डोळे मिटून पडलास. मला वाटलं झोप लागली. तर म्हणालास, "भास्कर, खरं सांग. माझं चुकलं का रे?"

मी म्हणालो, "आधी बरा हो. मग भांडू."

"भांडू," तू म्हणालास.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना तू गेलास. ओढ्याच्या काठाला तुला अग्नी दिला. खांदा द्यायला घरची माणसं पुरेशी होती, पण थावरा आणि त्याचे पोरगे मागं हटेनात, आणि मी त्यांना अडवलं नाही. बंजारा बायांनी मोठ्यानं सूर धरला. त्यांच्या बोलीतलं ते रडगाणं मला कळलं नाही. मधेमधे साहेब, साहेब एवढं ऐकू येत होतं.

तेव्हापासून मी तुझ्या प्रश्नाशी बसलोय. तुला भांडण हवं होतं, उत्तर हवं होतं, आणि मी तुला आजाऱ्याला देतात तसा धीर दिला. चुकलं म्हणावं, तर मग त्या पावसात मी काय केलं असतं हे मला सांगता येत नाही. बरोबर म्हणावं, तर पावसाळ्याआधी बंगले रिकामे करायचा हुकूम निघालाय, दारं-खिडक्या काढून लिलाव करायचा बेत आहे, आणि थावराची माणसं पुन्हा कुठं जाणार ते कुणाला ठाऊक नाही. मी कागदावरचा माणूस. रेघ सरळ का वाकडी एवढंच मला नीट कळतं. तुझ्याशी वाद घालताना मला निदान माझी बाजू कोणती ते माहीत असायचं. आता तेही राहिलं नाही. आणि हे बोलायला ज्याच्याकडं जावं, तो माणूस नाही.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी शकूला न्यायला गाडी आणली. मूलबाळ नाही, तुझ्या घरचं कुणी उरलं नाही, तिनं झरीला आमच्याकडं यायचं हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. आईनं तिच्यासाठी माजघराची खोली झाडून ठेवली होती. मी ट्रंक गाडीत चढवली, वळकटी चढवली, दोर आवळला. शकू बाहेर आली ती घरातल्याच लुगड्यावर. गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"दादा, ट्रंक उतरव."

मला वाटलं काही काढायचं राहिलं. म्हणालो, "झरीला गेल्यावर काढ की."

"मी येत न्हाई."

"अगं, पंधरा दिवसांत माणसं येतील घरं रिकामी करायला. मग तू हितं काय करशील?"

"म्हणूनच. आल्यावर ते कागद दाखवतील. नाईकाला अंगठा तेवढा येतो. काय लिहिलंय ते वाचून सांगायला, चार प्रश्न इचारायला कुणीतरी पायजे ना हितं?"

मी तिला समजावलं. लोक काय म्हणतील म्हणालो, आईचं नाव काढलं, रागावलोसुद्धा. ती गाडीच्या चाकाला हात लावून ऐकत राहिली. तू गेल्यापासून तिच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, बायका त्यावरून कुजबुजत होत्या. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "इतकी वर्षं मी ह्यांच्यामागं लागले, चला इथून, चला इथून. एक डाव तरी म्हणायला पायजे होतं, की राहू." आणि मग ती तिथंच, चाकाला टेकून, लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडली.

मी दोर सोडला. ट्रंक जड होती. थावराच्या सुनेनं न सांगता दुसरी बाजू उचलली.

वसंता, ती हे मला बोलली, पण बोलायचं तिला तुझ्याशी होतं. ते तेवढं तुझ्यापर्यंत पोचावं, म्हणून लिहिलं.